पिझ्झा काट्यावर

चवथीला नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण मोजायला म्हणून मी एक डिजिटल काटा घेतला होता. चवथ संपली की तो फडताळात जातो आणि पुढच्या चवथीपर्यंत तिथेच पडून असतो. मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी मुलगी पिझ्झ्यासाठी चीज किसत बसली होती. ताटली भरत आलेली बघून मला काय वाटलं कोण जाणे, काटा काढला आणि ताटली त्यावर ठेवली. ताटलीचं वजन वजा जाता १३० ग्रॅम. हात अजून थांबला नव्हता. "आई, आणखी एकच क्यूब!"

खालच्या बेसला मैदा घेतला होता तोही १३० ग्रॅम. म्हणजे पीठ आणि चीज अगदी तोलामोलाचे. नाकापेक्षा मोती जड व्हायला त्या एका क्यूबचीच काय ती कसर होती.

तोवर माझा पक्का समज होता की पिझ्झ्याने वजन वाढतं ते मैद्यामुळे. आरोग्य तपासणीत माझी साखर काठावर निघाली होती, तेव्हा तर शनिवारचा पिझ्झा सोडता मी मैद्याला घरातून हद्दपारच केलं होतं. गोव्यात हे काही माझ्या एकटीचं दुखणं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी मधुमेह पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात होतं, २६.४ टक्के. दर चार मोठ्या माणसांत एक. फोंड्याच्या बाजारात उभं राहून सहज चार जण मोजले तरी अंगावर काटा येतो.

पण पिझ्झा सोडायचा नव्हता. मुलं, नवरा आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा, आम्ही सगळे शनिवारची वाट बघतो. मग त्या काट्यावर एकेक जिन्नस ठेवायला लागले आणि हिशेब हळूहळू उलगडत गेला.

चार आकडे

पाकिटावर किलोकॅलरी असं लिहिलेलं असतं, बोलताना आपण नुसतं कॅलरी म्हणतो. अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचं ते माप. पिष्ट आणि साखर यांच्या १ ग्रॅमला ४ कॅलरी, प्रथिनांच्या १ ग्रॅमलाही ४. दारूच्या १ ग्रॅमला ७. आणि तेल, तूप, लोणी, म्हणजे कुठल्याही स्निग्धांशाच्या १ ग्रॅमला ९. पाण्याला शून्य. टोमॅटो, ढोबळी मिरची, दुधी या भाज्या बहुतांश पाणीच असतात, म्हणून वाटीभर खाऊनही हिशेबात जेमतेम दिसतात.

आता आमचा तो शनिवारचा पिझ्झा बघा. १० इंची, एका माणसाने सहज संपवावा असा. मैद्याच्या १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, तेव्हा १३० ग्रॅमच्या ४५५. चीज प्रोसेस्ड असो नाहीतर मोझरेला, १०० ग्रॅमला ३०० च्या आसपास, म्हणून ३९०. पिठात एक मोठा चमचा तेल आणि ट्रेला लावायला आणखी एक. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, त्याच्या १२० कॅलरी, दोनाच्या २४०. वरून मुलांच्या आवडीचं मेयोनीज दोन मोठे चमचे, जवळजवळ १९०. सॉस, कांदा, ढोबळी, मका मिळून ६० धरू. झाले १३३५.

हा आकडा मोठा की छोटा हे कळायला दिवसाचा हिशेब हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी पुरतात, ६५ किलोच्या पुरुषाला २११०. म्हणजे तो एक पिझ्झा खाल्ला की माझ्या वाट्याला दिवसभरासाठी सव्वातीनशे उरल्या. दुपारच्या शितात आणि हुमणातच (भातात आणि माशांच्या कालवणातच) त्या केव्हाच संपलेल्या असतात.

पण मला खरा धक्का बसला तो बेरजेने नाही, वाटणीने. चीज, तेल आणि मेयोनीज या तिघांच्या मिळून ८२०. ज्या मैद्याला मी वर्षभर शिव्या घातल्या त्याच्या ४५५. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं होतं. (मैदा अगदीच संन्यासी आहे असं नाही, त्याच्याकडे येतेच.)

जिभेला काय कळतं

मग मी घरात एक चोरटा प्रयोग सुरू केला. दर शनिवारी एकच गोष्ट कमी करायची, कुणाला काही सांगायचं नाही, आणि कोण ओरडतं ते बघायचं.

पहिल्या शनिवारी पिठातलं तेल काढलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही. दुसऱ्या शनिवारी ट्रेला तेलाऐवजी थोडा रवा भुरभुरला. "आज खालून छान कुरकुरीत झालाय," एवढंच ऐकू आलं. २४० कॅलरी अशा गेल्या की कुणी अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या खेपेलाही पिझ्झा बिनतेलाचाच होता, तेव्हा मात्र सासूबाई म्हणाल्या, "आज पिझ्झ्याला वासच नाही." त्यांचं बरोबर होतं. लसणीचा, मिरचीचा वास बराचसा तेलात उतरतो आणि तेलावर बसूनच नाकापर्यंत येतो. तेव्हापासून एक छोटा चमचा तेल लसूण आणि खोल किंवा हरमल या गावांच्या मिरचीच्या तुकड्यांबरोबर जरासं गरम करते आणि पिझ्झा भट्टीतून बाहेर आल्यावर वरून शिंपडते. त्याच्या ४५ कॅलरी. पिठात मळलेलं तेल कुणाच्या नाकाला लागत नाही, वर शिंपडलेलं घरभर दरवळतं. माझ्या सगळ्या कपातीचं सूत्र यातूनच निघालं: जे जिभेला आणि नाकाला कळत नाही ते आधी काढायचं, कळतं त्याला हात लावायचा नाही.

एक गोष्ट इथेच सांगते. ऑलिव्ह तेल हृदयाला चांगलं म्हणून लोक सढळ हाताने ओततात. चांगलं असेलही, पण वजनाच्या हिशेबात खोबरेल, शेंगदाण्याचं, ऑलिव्हचं, सगळ्यांचं माप एकच, ग्रॅमला ९.

मेयोनीज म्हणजे तरी काय, घुसळून पांढरं केलेलं तेलच. त्याच्या जागी टांगलेल्या दह्याचा चक्का, ठेचलेली लसूण, मीठ आणि लिंबाचे चार थेंब. दोन चमच्यांना ३० च्या आतबाहेर. मुलीने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, आता तीच चक्का टांगते.

चीजची गोष्ट जरा सावकाश

चीज हा पिझ्झ्याचा जीव आहे, तिथे कात्री लावायची तर नीट समजून लावावी. मी आधी सोपा मार्ग धरला, कमी स्निग्धांशाचं चीज आणलं. ते वितळायच्या आधीच वरून सुकलं, कडेला करपलं आणि थंड झाल्यावर रबरासारखं झालं. चीजमध्ये दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचं एक जाळं असतं, कॅल्शियमने एकत्र बांधलेलं. स्निग्धांशाचे बारीक गोळे त्या जाळ्यात अडकलेले असतात. उष्णता लागली की ते पातळ होतात, जाळं ढिलं पडतं, आणि चीज वितळून तार सुटते. स्निग्धांश काढून घेतला तर जाळ्याला वंगणच उरत नाही. म्हणून मी कमी स्निग्धांशाच्या चीजच्या नादाला पुन्हा लागले नाही. पूर्ण साईचं मोझरेला, पण कमी, हे मला जास्त पटलं.

कमी म्हणजे किती? मी १३० वरून ९० वर आले, मग ६० वर, मग ४० वर. ९० पर्यंत कुणी ब्र काढला नाही. ६० ला नवरा म्हणाला, "आज चीज संपलं होतं काय?" मग मी किसणी बदलली. जाड्या किसणीऐवजी बारीक किसणीवर तेच ६० ग्रॅम किसलं तर ढीग दीडपट दिसतो आणि पातळ पसरतो. शिवाय सगळीकडे सारखं पसरायचं सोडून दिलं, ठिकठिकाणी पुंजके टाकले. मधे लाल सॉस दिसतो, एखादा घास चीजचा लागतो, एखादा टोमॅटोचा. सलग थर असला की तिसऱ्या घासाला जीभ सवयीची होते आणि चीज लागेनासं होतं. पुंजक्यांनी ती दर घासाला जागी राहते. हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र म्हणून कुठे छापू नका.

४० ग्रॅमला मात्र मदत लागते. ती मुरलेल्या, खारट, उग्र चीजची. मोझरेलाला तार आहे, चव बेताचीच. पार्मेझानसारखं जुनं चीज चमचाभर किसून टाकलं तरी तोंडात राहतं, कारण मुरताना त्यातली प्रथिनं फुटून ग्लुटामेट मोकळं होतं. आपण ज्याला नुसतं 'रुचकर' म्हणतो ती चव बरीचशी त्याचीच. टोमॅटो आणि मश्रूमातही ते असतं. म्हणून ४० मधलं ३० मोझरेला आणि १० मुरलेलं, असं मी घेते. ते महाग पडतं, पण १० ग्रॅमच लागतं, आणि फ्रिजमध्ये पुष्कळ दिवस टिकतं.

बाजारात किसून मिळणाऱ्या 'पिझ्झा टॉपिंग'ची पाकिटं मात्र उलटून बघा. घटकांच्या यादीत दुधाऐवजी वनस्पती तेल दिसलं तर ते चीज नाही, चीजचं सोंग आहे. कॅलरी तेवढ्याच, चव निम्मी.

पीठ, फ्लॉवर आणि पोदेर

आता मैदा. कणकेचा बेस केला की पिझ्झा हलका झाला असं मानणारे आमच्या नात्यात बरेच आहेत. मैद्याच्या १०० ग्रॅमला ३५०, कणकेला ३२० च्या आसपास. नाचणीही तेवढीच. बेसमागे फरक पडतो तो पंचवीस-तीस कॅलरींचा, म्हणजे पाव मोठा चमचा तेल. पण कणकेत चोथा मैद्याच्या चौपट असतो, १०० ग्रॅमला ११ ग्रॅम विरुद्ध पावणेतीन. त्याने पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं आणि रक्तातली साखर जरा सावकाश चढते. कणीक घालायची ती या कारणासाठी. फक्त कणकेचा बेस मला तरी भाकरीवर भाजी ठेवल्यासारखा लागला, म्हणून तीन भाग मैदा आणि एक भाग कणीक हे प्रमाण मी कायम केलंय.

फ्लॉवरच्या बेसचं प्रकरण मजेशीर आहे. इंटरनेटवर तो वजनदारांचा तारणहार म्हणून मिरवतो. फ्लॉवर किसा, उकडा, फडक्यात पिळा, इथवर ठीक. पण पिळलेला फ्लॉवर एकत्र धरायला त्यात अंडं आणि चीज लागतं. ३०० ग्रॅम फ्लॉवरच्या ७५, अंड्याच्या ७०, ५० ग्रॅम चीजच्या १५०. झाले २९५. माझ्या ८० ग्रॅम पिठाच्या बेसला लागतात २७५. तासभर खपून, फडकं पिवळं करून घेऊन, २० कॅलरी वाढवल्या! ज्यांना साखरेमुळे पिष्ट कमी करायचंय त्यांना त्याचा उपयोग आहे. वजनासाठी करत असाल तर फ्लॉवर वरच टाका.

बेस हलका करायचा खरा उपाय साधा आहे, पीठ कमी घ्या आणि पातळ पसरा. तीन पिझ्झ्यांसाठी माझं माप असं. १८० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम कणीक, छोटा चमचाभर मीठ, पाव छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, १६० मिलिलिटर गार पाणी. पावसाळ्यात आपल्याकडे पीठच ओलसर असतं, तेव्हा आधी १५० घाला आणि हाताला विचारून बाकीचं. कालवा, अर्धा तास झाकून ठेवा, दोन मिनिटं मळा, डब्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये. यीस्ट एवढंसं का, तर आपल्या हवेत जास्त घातलं की पीठ तासाभरात डब्याचं झाकण उडवतं आणि आंबूस लागतं. थंडीत सावकाश आंबलेल्या पिठाला चव येते, आणि ते चिरमुटत नाही, हाताने ओढलं की पसरतं. कॅलरी आंबवल्याने म्हणण्यासारख्या कमी होत नाहीत, तसा दावा करणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. पण चव पिठातच आली की वर कमी घालून भागतं.

दुसऱ्या दिवशी तीन गोळे, प्रत्येकाचा ९ इंची पापुद्रा. कडा थोडी जाड, मधे एवढा पातळ की पोळपाटाचा रंग दिसावा. नापोलीतली भट्टी ४३० ते ४८० अंशांवर असते, तिथे पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. आपला ओटीजी (विजेची छोटी भट्टी) २५० ला दम टाकतो. म्हणून मी बिडाचा तवा आत उलटा ठेवून पाऊण तास तापू देते आणि पिझ्झा त्या तव्यावर सरकवते. सहा-सात मिनिटं. तवा नीट तापलेला नसेल तर पातळ बेस भाजण्याआधी वाळतो आणि खाखऱ्यासारखा लागतो. पावसात वीज गेली की गॅसवरचा तवा. एक बाजू भाजा, उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस-चीज, वर झाकण. वरून तांबूस होत नाही, पण वीज येईपर्यंत उपाशी राहण्यापेक्षा बरा.

आणि ज्यांना पीठ भिजवायचाच कंटाळा आहे त्यांच्या दारात रोज सायकलवरून भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतोच की! त्याच्याकडच्या पोई या गोल पावाला आत पोकळी असते. ती आडवी चिरली की दोन पातळ चकत्या मिळतात, कमी खटपटीत दोन छोटे पिझ्झे. कालची पोई जास्त चांगली, ती कुरकुरीत होते. पोई काट्यावर ठेवा, पावाच्या १०० ग्रॅमला २५० ते २७० धरा. ६० ग्रॅमची असली तर अख्ख्या पोईच्या दीडशे-एकशेसाठ. मात्र पोईवर कोंडा भुरभुरलेला दिसला म्हणजे आतही कणीक असेल असं समजू नका. हल्ली पुष्कळ ठिकाणी आत मैदाच असतो. पोदेराला सरळ विचारा. आमचा पोदेर हसून खरं सांगतो.

वर काय

सॉसवर फार वेळ घालवू नका. पिकलेले टोमॅटो किसा, गाळणीत मीठ लावून दहा मिनिटं निथळा, लसूण घाला, झालं. शिजवायचीही गरज नाही. ओरेगानोच्या पुड्या नसल्या तर परसातल्या पानओव्याचं एक पान बारीक चिरून टाका. दोन्ही पुदिन्याच्या कुळातले, दोन्हीत तीच थायमॉल-कार्वाक्रॉलची उग्र वासाची द्रव्यं. सासूबाई त्याची भजी करायच्या, आता पान कुठे जातं ते बघून त्या अवाक होतात.

भाज्यांमधे एकच अडचण, पाणी. बेळगावहून आलेली ढोबळी असो की आगशीचं वांगं, कच्चं टाकलं की पिझ्झ्यावर तळं साचतं. आधी कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर भाजून घ्या. पाणी उडतं, गोडी एकवटते, वांग्याला तर धुरकट वास लागतो. आगशीचं वांगं भरतासाठीच जन्माला आलंय असं मी मानायची, पिझ्झ्यावर त्याच्या भाजलेल्या चकत्या खाल्ल्यावर मत थोडं बदललं. पावसातली रानातली अळमी (रानमश्रूम) मात्र पिझ्झ्यावर घालू नका. तिच्या किमतीचा आणि तिच्या मसालेदार शाकुतीचा, दोन्हींचा तो अपमान आहे. बटण मश्रूम पुरेत, आमच्याकडे तेच असतात.

पोट भरायला प्रथिनं हवीत, आणि इथे आपण गोवेकर नशीबवान. सोललेल्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) १०० ग्रॅमला ९० च्या आसपास कॅलरी, त्यात प्रथिनं २० ग्रॅमच्या घरात. पनीरच्या तेवढ्याच वजनाला २५० च्या वर. पिझ्झ्याला ६० ग्रॅम सुंगटां, हळद-मीठ लावून तव्यावर अर्धी कच्ची परतलेली. बाकीची वाफ भट्टीत लागते, आधीच पूर्ण शिजवली तर चिवट होतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, त्या दिवसांत खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतातल्या, मानशीची (पाण्याच्या दारावर धरलेली) सुंगटां मिळाली तर ती पिझ्झ्यावर न घालता हुमणात घालावीत, हे माझं प्रामाणिक मत.

चोरीस, म्हणजे आपलं डुकराच्या मांसाचं सॉसेज, खाणाऱ्यांना वाटत असेल की आता त्यांच्यावर संक्रांत येणार. नाही येत. चोरीस चरबीने भरलेला असतो हे खरं, पण त्यातलं व्हिनेगर, मिरची, लसूण आणि मीठ इतकं बोलकं असतं की २० ग्रॅम अख्ख्या पिझ्झ्याला पुरतो. आधी तव्यावर बारीक करून परता, लाल चरबी सुटेल. तीच चमचाभर तेलाच्या जागी वरून शिंपडा, उरलेली बाजूला काढा. तेल वेगळं घालायचंच नाही.

तर सुंगटांचा आमचा आताचा पिझ्झा असा: पिठाच्या २७५, टोमॅटोच्या १५, चीजच्या १२०, भाज्यांच्या ३०, सुंगटांच्या ५५, तेलाच्या ४५. एकूण ५४०. अख्खा, एकट्याने, कुणाला तुकडा न देता.

१३३५ आणि ५४०, फरक ८०० च्या आसपास. दर शनिवारी ८०० म्हणजे वर्षाला ४१,६०० आणि अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी, असा भागाकार करून मुलाने मला पाच किलो उतरवूनही दाखवले. कागदावर. शरीर बँकेच्या पासबुकासारखं चालत नाही. खाणं कमी झालं की तेही खर्च आवरतं घेतं, आणि शनिवारी वाचलेलं रविवारच्या मटणात जातं. माझे वर्षभरात दोन किलो उतरले. त्यात संध्याकाळच्या चालण्याचा वाटा किती आणि पिझ्झ्याचा किती, देव जाणे.

बाहेर खाताना

उन्हाळ्यात पाहुणे आले की हणजुण्या-आसगावकडे लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा खायला जाणं होतंच. नापोलीच्या पद्धतीच्या मार्गेरिटाला २५० ग्रॅमच्या आसपासचा गोळा, ८० ते १०० ग्रॅम मोझरेला आणि थोडं ऑलिव्ह तेल असतं. हिशेब करून बघा, अख्खा ८०० ते ८५० च्या घरात येतो. इटलीत तो एकट्याचं पूर्ण जेवण असतो. आपण आधी गार्लिक ब्रेड मागवतो आणि नंतर गोड, तिथे गणित बिघडतं.

आकाराने फसू नका. ७ इंची आणि १० इंची यांत तीनच इंचांचा फरक वाटतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ७ इंचीचं साडेअडतीस चौरस इंच, १० इंचीचं साडेअठ्ठ्याहत्तर, म्हणजे दुप्पट. १२ इंची तर जवळजवळ तिप्पट. दोन तुकडे खाल्ले याला काही अर्थ नाही, कशाचे दोन ते सांगा. आणि कडेत चीज भरलेला प्रकार मागवायचा असेल तर हा लेख न वाचल्यासारखं करा.

सोबत काय पिता हेही काट्यावर ठेवायला हवं, पण ते कुणी ठेवत नाही. ६५० मिलिलिटरच्या बिअरच्या बाटलीत अडीचशेच्या वर कॅलरी. ६० मिलिलिटर फेणीत १४० च्या आसपास, त्यात ३०० मिलिलिटर गोड सोडा-लिंबू पेय ओतलं की आणखी शंभर-सव्वाशे. उर्राकाच्या (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या) मोसमात तर एका गिलासावर कोण थांबतंय! नवऱ्याने पिझ्झ्याचे ८०० वाचवले आणि दोन बाटल्यांत त्यातले ५०० परत आणले, हे मी त्याला दाखवलं तेव्हा त्याने काटा फडताळात ठेवून दिला. आम्ही घरी कोकमाचं आगळ, पाणी, मीठ आणि ठेचलेली मिरची घेतो. साखर नाही, म्हणून कॅलरी जवळजवळ नाहीत.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र नुसत्या कॅलरी मोजून भागत नाही, बेसचं पिष्ट किती हेही डॉक्टरांना दाखवा. पिझ्झ्याच्या आधी काकडी-टोमॅटोची कचुंबर खाल्ली तर साखर जरा हळू चढते. शिवाय भूक मोडते, आणि चौथ्या तुकड्याकडे हात जात नाही.

उरलाच तुकडा तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ओला फडका होतो. रविवारी सकाळी तवा मंद आचेवर ठेवा, त्यावर फ्रिजमधला तुकडा, बाजूला पाण्याचे दोन थेंब, वर झाकण, तीन मिनिटं. खालून कुरकुरीत, वरून चीज पुन्हा सैल. आमच्याकडे तो कुणी खायचा यावरून अजून भांडण होतं, कारण तीन पिझ्झ्यांत उरतो तो एकच.